लेडी मॅक्बेथ आणि आनंदीबाई : महत्त्वाकांक्षा व अपराधभाव

निर्दय महत्त्वाकांक्षेने पछाडलेल्या स्त्रीचा विचार करताना मराठी अभ्यासकास लेडी मॅक्बेथच्या जोडीने आनंदीबाई पेशवे यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले, ही आख्यायिका. तिला निर्णायक पुरावा नाही. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने (१९०९) ही प्रतिमा रंगभूमीवर दृढ केली.

तथापि हे साम्य मर्यादित आहे. लेडी मॅक्बेथ मुळात कठोर नाही. कठोर होण्यासाठी तिला दुष्ट शक्तींना आवाहन करावे लागते. निद्रिस्त डंकनमध्ये तिला पित्याचा भास होतो आणि तिचा हात आखडतो. पाचव्या अंकातील अपराधभावाचे बीज असे दुसऱ्याच अंकात पडलेले आहे. थोड्याशा पाण्याने सारे धुऊन निघेल, असे पतीला बजावणारी हीच स्त्री पुढे झोपेत चालताना हात चोळत राहते. मेजवानीच्या प्रवेशानंतर शेक्सपिअर तिला बराच काळ रंगमंचावर आणत नाही. आणतो तेव्हा तिच्या तोंडी पद्य नसते, तुटक गद्य असते. तिला ‘चौथी चेटकीण’ म्हणून शिकविणे सोयीचे खरे; पण मग या प्रवेशाचे काय करायचे?

आनंदीबाईंच्या आख्यायिकेत लेखणी आहे, रात्र नाही. रामशास्त्री प्रभुण्यांचे देहान्त प्रायश्चित्त परंपरा सांगते, तेही राघोबादादांसाठी. खुनानंतर आनंदीबाईंच्या मनाचे काय झाले, हे विचारण्यापूर्वीच आख्यायिका एका अक्षरापाशी थांबते.