जिंकलेल्याचं गाणं, हरलेल्याचं वाद्य



रात्रपाळी सुटली तेव्हा डोक्यात साच्यांची खडखड होती. तशातच तुमानी जाबातेचा कोरा ऐकला. आधी वाटलं, तीन-चार माणसं वाजवतायत. माणूस एकच. अर्ध्या भोपळ्यावर गायीचं कातडं ताणलेलं, त्यावर २१ तारा. 'कायरा' ही त्याची १९८८ ची रेकॉर्ड. २०२४ साली तो गेला.

माली, गिनी, गांबियाकडच्या मांदे मुलखात त्याच्या लोकांना 'जेली' म्हणतात. फ्रेंचांनी 'ग्रियो' केलं. जेली जन्मानं होतो. लग्नं आपसात. लोहार, चामडं कमावणारे आणि जेली मिळून 'न्यामाकाला'. वर 'होरोन', म्हणजे स्वतंत्र कुळं. खाली 'जोन', म्हणजे गुलाम. हे वाचताना आपले कान टवकारणारच. पण आपली जात तिथं जशीच्या तशी चिकटवू नका. जेली अस्पृश्य नाही. राजाला तोंडावर बोलायचा त्याला हक्क. त्याच्या जिभेला राजे भ्यायचे. तरी पोट राजाच्या हातात.

त्यांचं मोठं महाकाव्य सुंजाताचं. १२३५ च्या सुमारास किरिनाच्या लढाईत सुंजाता केतानं सोसोच्या सुमाओरो कांतेला हरवलं आणि मालीचं साम्राज्य उभं राहिलं. लहानपणी सुंजाताला चालता येत नव्हतं. बाओबाबच्या पाल्यावरून सवत त्याच्या आईला, सोगोलोनला, नको ते बोलली. तेव्हा हा पोरगा लोखंडी कांब धरून उठला आणि अख्खं झाडच उपटून आईच्या दारात आणलं. खोटं कशाला सांगू, इथं मी रडलो. आईचा अपमान काय असतो ते आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

हे सगळं शेकडो वर्षं तोंडी टिकलं. १९६० साली जिब्रिल तामसिर नियाननं जेली मामादू कुयातेकडून ऐकून ते फ्रेंचमध्ये छापलं. माली त्याच साली स्वतंत्र झाला. 'आफ्रिकेला इतिहास नाही' म्हणणाऱ्या गोऱ्यांच्या थोबाडात ही चपराक होती.

पण माझं भांडण पुढं आहे. सुमाओरो कोण? लोहार. कथेत तो जादूगार, जुलमी. बालाफोन त्याचा. सुंजाताचा जेली बाला फासेके त्याच्या गुप्त खोलीत शिरून ते वाजवतो. राजा चिडून धावत येतो. बाला तिथल्या तिथं त्याचीच स्तुती रचतो आणि जीव वाचवतो. म्हणजे स्तुती ही कला आहे तशी ती मानेवरची सुरीही आहे. ते 'सोसो बाला' आजही गिनीत न्यागासोला गावी कुयाते घराणं जपतंय. २००१ साली युनेस्कोनं त्याचा गौरव केला. वाद्य लोहाराचं, गाणं त्याला हरवणाऱ्याचं! लोहाराच्या बाजूनं ही कथा कुणी सांगितली तर? आणि 'जोन'ची वंशावळ कोण गाणार? बिदागी द्यायला त्याच्याकडं होतं काय?

सालिफ केता राजाच्या कुळातला, म्हणून त्याला गाणं मना. कातडी जन्मतः पांढरी, म्हणून हिणवलेला. तरी तो गायला. जन्मानं ठरवलेल्या कामाचं कुलूप दोन्ही बाजूंनी लागतं, हे त्यानं दाखवलं.

म्हणून सांगतो, हे गाणं ऐकाच. एवढी आठवण जपणाऱ्या गळ्यांना माझा सलाम. पण ऐकताना दोन प्रश्न खिशात ठेवा. वाद्य कुणाचं? बिदागी कुणाची? आणि आपली कविता लिहितानाही तेच विचारा.