भेट की प्रदर्शन? परदेशी वर्गांशी होणाऱ्या ऑनलाइन देवाणघेवाणीची चिकित्सा

मागच्या दोन व्याख्यानांत आपण 'दुसरा म्हणजे कोण' या प्रश्नाभोवती फिरत होतो. आज तो प्रश्न शाळेच्या वर्गात न्यायचा आहे. विषय साधा दिसतो: आपल्या विद्यार्थ्यांची परदेशातल्या त्यांच्या वयाच्या मुलांशी इंटरनेटवरून गाठ घालून देणं आणि दोघांनी मिळून एखादा प्रकल्प करणं. आम्ही या कल्पनेच्या बाजूचे आहोत, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जी टीका करू ती बाहेरच्याची नाही, घरातल्याची आहे हे लक्षात येईल.

सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करू. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या शाळेनं असा कार्यक्रम ठेवला होता आणि आम्हांला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. पलीकडे युरोपातला एक वर्ग. एप्रिल महिना. आमच्याकडच्या मुली नऊवारीत, मुलं फेट्यात. आधी लेझीम झालं, मग रांगोळी दाखवून झाली, मग पाठ केलेली इंग्रजी भाषणं. सगळं छान चाललं होतं. शेवटी पलीकडच्या एका मुलानं विचारलं, तुमच्याकडे इतकं ऊन असतं, मग पाणी कुठून आणता? सातवीतली एक मुलगी पुढे झाली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागली, की टँकर येतो, पण कधी येईल ते ठाऊक नसतं, म्हणून घरातलं कोणीतरी हंडे लावून बसतं, आणि बहुतेक वेळा ती स्वतःच बसते. मुख्याध्यापकांनी आमच्याकडे पाहिलं. आमची मान हलली. त्यांनी माइक म्यूट केला आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

देशाची प्रतिमा जपली म्हणून तेव्हा आम्हांला बरं वाटलं होतं. नंतर जेव्हा जेव्हा ते आठवलं, तेव्हा एकच गोष्ट टोचत राहिली. त्या दीड तासात खरा संवाद म्हणता येईल असं एकच वाक्य उच्चारलं गेलं, आणि ते आम्ही बंद पाडलं.

आता थोडा इतिहास पाहू. ही कल्पना संगणकानं जन्माला घातलेली नाही. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे शिक्षक होते. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात, बार-सूर-लू या गावी त्यांची शाळा. त्यांनी वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं स्वतःचा मजकूर लिहीत, खिळे जुळवत, छापत, आणि ती पानं पार दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या समुद्रकाठच्या एका शाळेला टपालानं जात. तिकडून तिथल्या मुलांची पानं येत. बघा, देश एकच होता, पण डोंगरातल्या मुलांना कोळ्याचं घर ठाऊक नव्हतं आणि समुद्रकाठच्या मुलांना डोंगर ठाऊक नव्हता. ज्याला आपलं गाव ठाऊकच नाही अशा माणसाला लिहायचं म्हटलं, की आपलं गाव पहिल्यांदा नीट पाहावं लागतं. दुसऱ्यामुळे आपलंच आपल्याला नवं होतं.

पुढे १९८८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या शाळा दूरसंचाराच्या साधनांनी जोडल्या गेल्या. शीतयुद्ध अजून संपलेलं नव्हतं. त्यातूनच आयअर्न हे जाळं वाढलं. त्याचं भारतातलं काम आपल्या पुण्यातून चालत आलेलं आहे. २००५ मध्ये युरोपात ई-ट्विनिंग सुरू झालं, २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठात 'कॉइल' नावाचं केंद्र निघालं. तिथे दोन देशांतले दोन प्राध्यापक मिळून अभ्यासक्रमाचा एखादा भाग रचतात आणि दोन्हीकडचे विद्यार्थी तो एकत्र पार पाडतात. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही घरबसल्या आंतरराष्ट्रीयीकरण अशा अर्थाचा शब्दप्रयोग आलेला आहे. तेव्हा साधन आहे, धोरण आहे. मग अडतं कुठे?

अडतं ते एका गृहीतकावर. दोन वर्ग समोरासमोर आणले की समज आपोआप वाढते, असं आपण धरून चालतो. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये पूर्वग्रहांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं, की नुसत्या वरवरच्या संपर्कानं पूर्वग्रह जात नाहीत, उलट घट्टही होऊ शकतात. ते कमी व्हायचे तर काही अटी लागतात: दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय सामाईक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी, आणि संस्थेचा त्याला पाठिंबा हवा.

या अटी आमच्या त्या कार्यक्रमाला लावून पाहू. दर्जा समान होता का? पलीकडची मुलं रोजच्या कपड्यांत होती, आमची वेशभूषेत. एक बाजू बघत होती, दुसरी दिसत होती. सामाईक ध्येय काय होतं? वेळेत कार्यक्रम आटोपणं. आणि मदत? लेझीम करायला पलीकडच्या कोणाची गरज नव्हती. तो वर्ग तिथे नसता, नुसता कॅमेरा असता, तरी कार्यक्रम तसाच झाला असता. यालाच आम्ही प्रदर्शन म्हणतो.

भाषेचीही एक गोष्ट आहे. बोलायला कोणाला उभं करतात? ज्यांचं इंग्रजी बरं त्या चार-पाच जणांना. उरलेले पन्नास मागे बाकांवर हाताची घडी घालून. म्हणजे ज्या उपक्रमानं जगाशी जोडायचं, तो आधी वर्गाचेच दोन तुकडे करतो. खरं तर मोजमापं, आकृत्या, नकाशे, फोटो, मराठीत लिहून मग सगळ्यांनी मिळून इंग्रजीत आणलेला मजकूर, यांतून पन्नासही जण बोलू शकतात. त्याला वेळ लागतो. फ्रेनेच्या मुलांनाही टपालाची वाट पाहावी लागायची, आणि त्या वाट पाहण्यातच विचार होत असे.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. प्रकल्पाचा प्रश्न कोण ठरवतं? पुष्कळदा प्रश्न तिकडून येतो आणि आमच्या मुलांनी फक्त माहिती पुरवायची. कच्चा माल इकडचा, विचार तिकडचा. याला देवाणघेवाण म्हणायचं धाडस आम्हांला होत नाही.

मग चांगलं कशाला म्हणायचं? एक उदाहरण देतो. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एरॅटोस्थेनिसनं सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांच्या दुपारच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला. हा प्रयोग आज जगभरच्या शाळा एकमेकींच्या जोडीनं करतात. समजा, पुण्यातला एक वर्ग आणि ताश्कंदमधला एक वर्ग आहे. घड्याळात फरक अर्ध्या तासाचा. एकाच दिवशी दोघांनी आपापल्या मध्यान्ही उभ्या काठीची सावली मोजायची आणि सूर्यकिरणांचा कोन काढायचा. दोन कोनांतला फरक येईल सुमारे २२.८ अंश. दोन गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर नकाशावरून सुमारे २,५३० किलोमीटर. ३६० ला २२.८ नं भागा, त्या अंतरानं गुणा, पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरच्या आसपास येतो. यात एक गंमतही आहे. १३ मेच्या सुमारास पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, म्हणजे त्या दिवशी पुणंच सायीन होतं. पुढे जुलैअखेरपर्यंत आपली दुपारची सावली दक्षिणेला पडते, आणि तेव्हा कोन वजा न करता त्यांची बेरीज करावी लागते. मुलं इथे हमखास अडखळतील आणि एकमेकांना विचारतील, तुमची सावली कुठल्या बाजूला पडली?

या प्रयोगाचं तत्त्वज्ञान पाहा. एका जागी उभं राहून या रीतीनं पृथ्वी मोजता येत नाही. तुम्ही कितीही हुशार असा, तुमच्याकडे कितीही महागडं यंत्र असो, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या कोणीतरी प्रामाणिकपणे सावली मोजायला हवी. तिथे इंग्रजी कोणाचं चांगलं, श्रीमंत कोण, याला किंमत नाही. दर्जा समान, ध्येय सामाईक, मदत अटळ. 'आम्हांला तुमची गरज आहे' हे वाक्य तिथे शिष्टाचारापोटी उच्चारलं जात नाही, ते गणितातच असतं.

आता कोणी म्हणेल, परदेश कशाला? आपली मुलं शेजारच्या राज्यातल्या मुलांना तरी ओळखतात का? आक्षेप रास्त आहे. साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं ते याचसाठी. पण हे 'हे किंवा ते' असं नाही. कधीकधी एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांमध्येही ताश्कंदपेक्षा जास्त अंतर असतं. टँकरची वाट पाहणारी ती मुलगी काय सांगत होती, ते तिच्याच वर्गातल्या नळाचं पाणी असलेल्या मुलांनीही कदाचित प्रथमच ऐकलं असेल. परक्या मुलाच्या प्रश्नानं ते बाहेर काढलं होतं. गाडामेर हा जर्मन तत्त्वज्ञ सांगतो, की आपले पूर्वग्रह आपल्याला सहजी दिसत नाहीत, कोणीतरी त्यांना डिवचावं लागतं. त्या मुलाच्या प्रश्नानं आमचा पूर्वग्रह डिवचला होता. गरिबी ही झाकण्याची गोष्ट आहे, हा तो पूर्वग्रह. आम्ही तो तपासला नाही, माइक बंद केला.

म्हणून शिक्षक मित्रांना इतकंच सुचवतो. असा उपक्रम ठरवण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. पलीकडचा वर्ग नसता तर हे काम अडलं असतं का? प्रश्न ठरवण्यात आपल्या मुलांचा वाटा आहे का? आणि अनपेक्षित, अडचणीचा प्रश्न आला तर तुमचा हात कुठे जाईल?

त्या दिवशी त्या मुलीला बोलू दिलं असतं, तर पलीकडचा मुलगा पुढे काय विचारणार होता, ते आम्हांला आजही ठाऊक नाही. कदाचित त्यांच्याकडे पाणी कुठून येतं, हे त्यानंही कधी विचारलेलं नसेल. तिथून एक खरा प्रकल्प सुरू झाला असता. तुमच्या वर्गात असा प्रश्न येईल तेव्हा पाहुण्यांच्या मानेकडे बघू नका.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, आणि अडचणीचे आधी विचारा.