‘उत्सर्जन’ की ‘विनिमय’?

अरण्य आणि हवा यांच्या संबंधाविषयीच्या शास्त्रीय लेखनात आपल्याकडे ‘उत्सर्जन’ ही संज्ञा सरसकट योजिली जाते. कारखान्याच्या धुरासाठी तीच आणि वृक्षांनी सोडलेल्या आयसोप्रीन वायूसाठीही तीच. ही योजना तपासून पाहावयास हवी.

१९६० साली वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी ‘नेचर’ नियतकालिकात डोंगरांवरील निळसर धूसरतेचा उगम वनस्पतींच्या सुगंधी वाफांत शोधिला. हे प्रतिपादन मूलगामी होते. मात्र त्यातील अरण्य मुख्यत्वे देणारे आहे. वस्तुतः पानांची रंध्रे हवेतील ओझोन शोषूनही घेतात. आयसोप्रीनपासून ओझोन बनण्यास सूर्यप्रकाशाबरोबर नायट्रोजनची ऑक्साइडे लागतात, आणि शहरांत ती प्रामुख्याने वाहनांतून येतात. लेलिवेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या, सुरिनाम परिसरातील अरण्यावरील विमान-निरीक्षणांत तर हवा शुद्ध करणारे हायड्रॉक्सिल मूलक अपेक्षेहून पुष्कळ अधिक आढळले. आयसोप्रीनच्या विघटनातच ते पुन्हा निर्माण होत असावे, असे त्यांनी सुचविले.

‘उत्सर्जन’ या शब्दाला आज प्रदूषणाचा अर्थ चिकटला आहे. त्यामुळे वाहनांचा दोष वृक्षांच्या माथी येतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत रोनाल्ड रेगन यांनी तो तसा मारिलाही होता. म्हणून समग्र व्यवहारास ‘विनिमय’ म्हणावे आणि ‘उत्सर्जन’ त्याच्या एका अंगापुरते राखावे. पाठ्यपुस्तके सिद्ध करणाऱ्यांनी हा भेद कटाक्षाने पाळावा, अशी आमची सूचना आहे.