सोललेली बॅसिलिका

जुन्या गोव्यात उतरलात की एका बाजूला सगळं पांढरंशुभ्र दिसतं. से कॅथेड्रल पांढरं, शेजारचं असिसीच्या फ्रान्सिसचं चर्च पांढरं. रस्त्याच्या पलीकडे मात्र एकच इमारत लालसर तपकिरी आहे, बॉम जेझूची बॅसिलिका. फोटो सगळ्यात जास्त हिचेच निघतात. माझ्या फोनमध्येही आहेत, संध्याकाळच्या उन्हात भिंत पेटल्यासारखी दिसते तेव्हाचे. 'किती जुनी वाटते ना,' असं त्याखाली मीही लिहिलं होतं.

तो जुनेपणा जेमतेम पंचाहत्तर वर्षांचा आहे, हे मला फार नंतर कळलं.

बॅसिलिकेचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये तिचं अभिषेकविधीने लोकार्पण झालं. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे आपल्या जांभ्या दगडाच्या. दर्शनी भागावरच्या कोरीवकामासाठी काळा बसाल्ट वसईकडून समुद्रमार्गे आणला, कारण जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही. आणि भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. म्हणजे जवळपास साडेतीनशे वर्षं ही इमारतसुद्धा शेजारणींसारखीच दिसत होती. १९५०च्या दशकात पोर्तुगीज सरकारच्या स्मारक-दुरुस्तीत बाल्तझार कास्त्रो या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली हा गिलावा उतरवला गेला. त्या काळी पोर्तुगालमध्येही जुन्या वास्तूंवरचे 'नंतरचे' थर काढून त्यांना भारदस्त, पुरातन रूप द्यायची रीत होती. दगड दिसला की इतिहास दिसतो, असा तो हिशेब.

माझा आक्षेप त्या हिशेबावर आहे. दगड झाकणारा थर म्हणजे खोटेपणा आणि उघडा दगड म्हणजे खरेपणा, हे समीकरण आकर्षक आहे. 'मटेरियलचा प्रामाणिकपणा' हा शब्द आर्किटेक्चरच्या वर्गात फार चालतो. पण कोणतं मटेरियल, कोणत्या हवेत, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

चिरा विचित्र दगड आहे. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की हत्याराने साबणासारखा कापता येतो. हवा लागली की लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांमुळे तो कडक होत जातो. पण त्याच्या अंगभर भोकं असतात. कोरड्या हवेत त्याचं काही बिघडत नाही. गोव्यात मात्र वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो, आणि तोही सरळ नव्हे, वाऱ्याबरोबर आडवा. भिंत पाणी पिते, मग उन्हात सुकते, पुन्हा पिते. त्या ये-जा करण्यात दगडातली मऊ माती धुऊन जाते, भोकं मोठी होतात, कडा झिजतात, खाचांत शेवाळ आणि रोपटी धरतात. चुन्याचा गिलावा हे सगळं स्वतःच्या अंगावर घेत होता. तो झिजायचा, पण तो झिजण्यासाठीच होता. चार-पाच पावसाळ्यांनी पुन्हा हात मारला की झालं. भिंतीऐवजी गिलावा झिजावा, अशी ती व्यवस्था होती. गिलावा काढल्यावर झिजायला फक्त भिंत उरली.

याची जाणीव कोकणात सगळ्यांना होती. जुन्या घरांची छपरं उगाच इतकी खाली उतरत नाहीत, आणि पावसाळ्याआधी पडवीला झापं उगाच लावत नाहीत. झड भिंतीपर्यंत पोचू द्यायची नाही, एवढंच त्यामागे आहे.

दुसरी बाजूही मांडायला हवी. आज गोवेकरांच्या दोन-तीन पिढ्यांनी बॅसिलिका तपकिरीच पाहिली आहे. त्यांच्या आठवणीतलं, पोस्टकार्डावरचं, फेस्ताच्या दिवशीचं चर्च हेच आहे. उद्या तिला पांढरा गिलावा केला, तर कित्येकांना ते आपलं चर्च वाटणार नाही. हा आक्षेप खोटा नाही. पण वास्तू टिकली तरच पुढच्या पिढीला तिच्याबद्दल आठवण ठेवता येईल. आणि गिलावा करायचाच तर चुन्याचाच हवा. सिमेंटचा कडक थर ओल आत कोंडून ठेवतो. चुना ती बाहेर जाऊ देतो.

इमारतीची बाहेरची कातडी निवडणं ही दिसण्याची बाब आहे, असं आपण फार सहज मानतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला नवं आवरण चढवलं ते उबेसाठी आणि इमारत बरी दिसावी म्हणूनही. आधी ठरलेल्या जस्ताऐवजी स्वस्त पडणारे, आत प्लास्टिकचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे लागले. १४ जून २०१७च्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या एका घरातली आग त्या पत्र्यांवरून वर चढली आणि ७२ माणसं गेली. बॅसिलिकेचं नुकसान त्याच्यापुढे काहीच नाही आणि फार सावकाश होतंय. पण दोन्हीकडे विचारायला हवा होता तो प्रश्न एकच: हा थर काम काय करतो?

हे मी आत्ता लिहितोय कारण कुडाळजवळ माझा मावसभाऊ घर बांधतोय. आर्किटेक्टने दाखवलेल्या चित्रात चारी बाजूंनी उघडा चिरा आहे, वर पारदर्शक कोटिंग, आणि छप्पर भिंतीबाहेर जेमतेम वीतभर. भाऊ खूश आहे. गवंडीकाकांनी चित्र दोनदा खालीवर करून पाहिलं आणि विचारलं, "ह्या घराक पाऊस लागाचो नाय काय?"

शेवटी तह झाला. पश्चिम आणि दक्षिण भिंतींना चुन्याचा गिलावा, कारण झड तिकडून येते. छप्पर तीन फूट बाहेर. पडवीच्या आतली भिंत उघडी, चिऱ्याच्या खाणीतल्या खुणांसकट. फोटो तिथे काढायचे.