पंपाचा दांडा काढल्यानंतर

आरोग्याचा धडा शिकवताना जॉन स्नोची गोष्ट हमखास येते. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला. स्नोने मृत्यू नकाशावर मांडले, संशयित पंपाचा दांडा काढला गेला. मग फळ्यावर आपण लिहितो, 'पाणी उकळून प्या.'

आक्षेप आहे तो गोष्टीच्या या शेवटाला. दांडा काढला तेव्हा साथ ओसरू लागली होती, हे खुद्द स्नोनेच नोंदवले आहे. त्याचा खरा पुरावा दक्षिण लंडनचा. तेथे एकाच रस्त्यावरील घरांना दोन वेगळ्या कंपन्या पाणी पुरवीत. लॅम्बेथ कंपनी थेम्स नदीच्या वरच्या अंगाचे पाणी घेई. साउथवर्क-व्हॉक्सहॉल कंपनी शहराचे सांडपाणी मिसळलेले. दर १०,००० घरांमागे मृत्यू पहिलीकडे ३७, दुसरीकडे ३१५! गरीब-श्रीमंत, नीटनेटके-अव्यवस्थित असे सगळेच दोन्हीकडे होते. फरक सवयींचा नव्हता, नळाच्या दुसऱ्या टोकाचा होता. नेमका हाच भाग आपण गाळतो.

आता जवळचे उदाहरण घेऊ. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील सांडोरसारखी गावे विहिरी आणि बावखलांवर जगत आली. पुढे वाढत्या शहरासाठी या पट्ट्यातील विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. किनाऱ्यावर गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी १ मीटर उतरली, की खारी सीमा गणिताप्रमाणे सुमारे ४० मीटर वर सरकते. विहीर मचूळ होते. असे पाणी उकळले तर आणखी खारट होईल! बांगलादेशाच्या किनारपट्टीवर खारट पाणी पिणाऱ्या गर्भवतींमध्ये वाढलेला रक्तदाब आढळला आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीने या उपशाला विरोध केला. ती पर्यावरणाची चळवळ म्हणून ओळखली जाते. माझ्या मते तिची जागा आरोग्याच्या धड्यातही आहे.

हात धुण्याने जुलाब टळतात, यात शंका नाही. पण धुवायला पाणी हवे. ज्या घरी ते दिवसाआड येते, तेथल्या मुलाला स्वच्छतेचे गुण कमी देताना आपण नेमके काय मोजतो?

त्यापेक्षा वर्गाकडून गावाचा नकाशा करून घ्यावा. कोणती विहीर मचूळ, नळ किती वेळ चालतो, २०१८च्या जुलैमधील पुरासारखे पाणी कोठे तुंबते आणि किती दिवस, हे मुलांनी स्वतः विचारून मांडावे. शेजारी गेल्या वर्षीच्या तापाच्या नोंदी ठेवाव्यात. घरांची नावे मात्र लिहू नयेत.