टाळ्या कुठून येतात?

‘डीप पर्पल’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाने ऑगस्ट १९७२ मध्ये जपानात तीन मैफली केल्या. १५ आणि १६ तारखेला ओसाका येथे व १७ तारखेला टोकियोच्या बुडोकान सभागृहात. या तीन रात्रींच्या ध्वनिमुद्रणातून ‘मेड इन जपान’ हा दोन तबकड्यांचा संच तयार झाला. प्रत्यक्ष मैफलीच्या रॉक ध्वनिमुद्रणांत त्याचे स्थान फार वरचे मानले जाते. २०२५ मध्ये या संचाची नवी, भरगच्च आवृत्ती निघाली. स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने मूळ फितींवरून ध्वनीची नव्याने जुळणी केली असून ती ‘डॉल्बी ॲटमॉस’ पद्धतीतही उपलब्ध आहे. या पद्धतीत ध्वनी केवळ समोरून नव्हे, तर दोन्ही बाजूंनी, पाठीमागून आणि छतावरूनही येतो. गाजलेल्या जुन्या मैफलींच्या अशा आवृत्त्या गेली काही वर्षे सातत्याने निघत आहेत आणि श्रोत्याला थेट सभागृहात नेऊन बसवण्याचे आश्वासन त्या प्रत्येकीच्या पोटात असते. त्या आश्वासनाचीच येथे परीक्षा करावयाची आहे.

रॉक म्हणजे निव्वळ गोंगाट, असे मानणारे अनेक जण आपल्या धर्मग्रामांत आहेत. त्यांनी या वाद्यवृंदातील जॉन लॉर्ड यांचे ऑर्गनवादन एकदा ऐकावे. १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सिम्फनी वाद्यवृंद आणि रॉक वाद्यवृंद यांना एकत्र आणणारी रचना याच गृहस्थांनी सादर केली होती. असो.

सभागृहात बसवावयाचे, पण कोणत्या? मूळ संचात सात रचना आहेत. त्यांपैकी चार १६ तारखेच्या, एक १५ तारखेची आणि दोन टोकियोच्या. म्हणजे संचात जी मैफल सलग ऐकू येते, ती तशी कधी झालीच नाही. दोन स्पीकरच्या स्टीरिओत ही गोष्ट खटकत नाही, कारण स्टीरिओ ही खिडकी आहे. आपण बाहेर उभे राहून आतले दृश्य पाहावे, तसे ते ऐकणे असते. सराउंड पद्धत ही भिंतच काढून टाकते आणि आपल्याला आत खुर्ची देते. एकदा खुर्ची दिली की प्रश्न सुरू होतात. बुडोकान ही १९६४ च्या ऑलिंपिकमधील ज्युदो स्पर्धांसाठी बांधलेली प्रचंड अष्टकोनी वास्तू. तेथील घुमारा ओसाकाच्या सभागृहात कोठून असणार? ‘स्मोक ऑन द वॉटर’ संपून ‘द म्यूल’ सुरू होते, तेव्हा हा श्रोता खुर्चीवरून न उठता दोन दिवस आणि एक शहर ओलांडून गेलेला असतो.

येथे दुसऱ्या शतकातील तातियन या लेखकाची आठवण होते. चार शुभवर्तमाने गुंफून त्याने एकच सलग कथा तयार केली. ‘दियातेस्सारोन’ या नावाने ती सिरियाक ख्रिस्तसभेत दीर्घकाळ वाचली जात होती. ग्रंथ सोयीचा होता, देखणाही असावा. तरीही ख्रिस्तसभेने अखेर चार साक्षी चार म्हणूनच जतन केल्या, त्यांच्यातील तफावतींसह. ‘मेड इन जपान’ हे त्या अर्थाने रॉकमधील दियातेस्सारोन आहे. ते उत्तम आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण गुंफलेल्या साक्षीला छत आणि भिंती देऊन ती घडलेली घटना म्हणून सादर करणे ही वेगळी गोष्ट झाली.

चोहोबाजूंनी येणारा ध्वनी काही आजचा नव्हे. व्हेनिसच्या संत मार्क बॅसिलिकात सोळाव्या शतकात गायकवृंद निरनिराळ्या सज्जांत उभे करून त्यांच्यात संवाद घडवला जाई. व्हिलार्ट आणि दोघे गाब्रिएली यांनी त्या वास्तूचा घुमारा मनात धरूनच रचना केल्या. आधी वास्तू, मग संगीत. आजच्या आवृत्त्यांत हा क्रम उलटा आहे. संगीत पन्नास वर्षांपूर्वी फितीवर बंद झाले आणि वास्तू आता त्याच्याभोवती उभी करावयाची आहे.

ती उभी करण्यास सामग्री किती? ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च यांच्याजवळ आठ ट्रॅकचे यंत्र होते. त्यात पाच कलावंत मावावयाचे, त्यांतही ड्रम्सचा पसारा मोठा. श्रोत्यांच्या वाट्याला उरणार ते थोडेच. तेव्हा नव्या जुळणीकारापुढे दोनच वाटा राहतात. एखादे वाद्य उचलून श्रोत्याच्या पाठीशी ठेवायचे किंवा मागच्या बाजूला केवळ सभागृहाचा घुमारा आणि टाळ्या सोडायच्या. पहिल्या वाटेने श्रोता रंगमंचाच्या मधोमध जाऊन बसतो. तिकीट काढून कोणीही तेथे बसलेले नव्हते. दुसरी वाट मला अधिक प्रामाणिक वाटते, मात्र तेथेही बराच घुमारा कृत्रिमरीत्याच निर्माण करावा लागतो.

‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ या रचनेत इयन गिलन यांचा कंठ आणि रिची ब्लॅकमोर यांची गिटार यांची जुगलबंदी आहे. गिटारने स्वर टाकावा, कंठाने तो झेलावा. उपासनेत धर्मगुरूंची हाक आणि लोकांचा प्रतिसाद चालावा तसे. एकाला समोर आणि दुसऱ्याला मागे नेण्याचा मोह येथे कोणालाही व्हावा. परंतु हा खेळ एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहत उभ्या असलेल्या दोन माणसांचा आहे. त्यांना खोलीच्या दोन टोकांना नेले की प्रतिसादाची वेळ तीच राहील, पण नजरानजर तुटेल. विल्सन यांनी किंग क्रिमसन, जेथ्रो टल आदींच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर संयमाने काम केलेले आहे. मूळ तोल ते सहसा ढळू देत नाहीत. प्रत्येक कंपनीला असा माणूस लाभेलच असे नाही.

दुरुस्तीचा प्रश्नही याच जातीचा. ‘द हू’ यांच्या ‘लाइव्ह ॲट लीड्स’ (१९७०) या तबकडीच्या लेबलवर, ऐकू येणारी खरखर ठीक आहे, ती काढू नये, अशी सूचना छापलेली होती. १९९५ च्या आवृत्तीत ती खरखर संगणकाच्या साहाय्याने काढली गेली. कानाला बरे वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या सूचनेमागचा निर्णय कलावंतांचा होता आणि तोही त्या संध्याकाळच्या साक्षीचा भाग होता.

मग या महागड्या पेट्यांत घेण्यासारखे काहीच नाही काय? आहे, आणि ते सराउंडपेक्षा मोलाचे आहे. जपानच्या तिन्ही मैफलींचा मोठा भाग १९९३ मध्ये तीन सीडींवर आला होता. २०१४ मध्ये त्या संपूर्ण प्रकाशित झाल्या. तीच रचना लागोपाठ तीन रात्री ऐकताना कोठे लय चढली, कोठे ऑर्गनने अनपेक्षित वळण घेतले, हे ध्यानात येते आणि मूळ संचाची निवड करणाऱ्यांच्या कानाविषयी आदर वाढतो. वाद्ये जुळवणे आणि मधल्या शांतता यांत त्या रात्री आपापल्या स्वरूपात भेटतात. जपानी श्रोते संगीत चालू असता कान देऊन ऐकतात, हे त्या शांततेतूनच कळते. त्यासाठी पाठीमागे स्पीकर लागत नाही.

मुंबईतील दोन खोल्यांच्या घरात छताला स्पीकर टांगणारे कितीसे असणार? त्यांच्यासाठी ॲटमॉसचे हेडफोनवर ऐकावयाचे रूपही मिळते, पण त्यात छताचा केवळ आभास उरतो. ज्याला या संगीताशी प्रथमच ओळख करून घ्यावयाची आहे, त्याने मूळ सात रचना साध्या स्टीरिओत ऐकाव्यात. त्यानंतर १६ ऑगस्टची ओसाकाची मैफल पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता ऐकावी.