‘ब्रेथटेकिंग’ : कुणाचा आघात दिसतो?

आयटीव्हीवरची ‘ब्रेथटेकिंग’ पाहिली नसेल तर आधी तिचे तीन भाग बघून घ्या, मग इकडे या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली ही मालिका डॉक्टर रेचल क्लार्क यांच्या कोविडकाळातल्या आठवणींवर बेतलेली आहे आणि लेखनात त्या स्वतःही होत्या. जोआन फ्रॉगॅट यात अ‍ॅबी हेंडरसन ही कन्सल्टंट झाली आहे.

सगळ्यात जमलंय ते संकलन. वॉर्डात मास्कवरून घासाघीस चालू असते आणि मध्येच मंत्र्यांच्या खऱ्याखुऱ्या पत्रकार परिषदा येतात. वेगळं भाष्य लागतच नाही. या लोकांना नुसते मृत्यू बघून त्रास झाला नाही, हे तिथे कळतं. काय करायला हवं ते माहीत असून करता आलं नाही, ते सलत राहिलं. संशोधक याला ‘मॉरल इंज्युरी’ म्हणतात. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे यांच्यामुळे हा शब्द रुळला. नील ग्रीनबर्ग यांच्या गटाने जून-जुलै २०२० मध्ये इंग्लंडमधल्या नऊ अतिदक्षता विभागांतल्या ७०९ जणांकडून प्रश्नावली भरून घेतली. सुमारे ४० टक्के जणांची उत्तरं पीटीएसडीकडे बोट दाखवणारी होती. आणि ही फक्त पहिल्या लाटेनंतरची गोष्ट!

खटकतं ते पुढे. कॅमेरा अ‍ॅबीला फारसा सोडत नाही. तिच्याकडे रागवायला भाषा आहे, पद आहे, आणि व्हिसाची काळजी नाही. क्रॉयडनमध्ये राहून हे जास्तच जाणवतं. लंडन रोडवरचं हॉस्पिटल (जुने लोक अजून ‘मेडे’च म्हणतात) आणि वेलस्ली रोडवरचं होम ऑफिसचं लुनार हाउस एकाच गावात आहेत. व्हिसावर आलेल्या नर्सला, पोर्टरला, सफाई कामगाराला एनएचएसमध्ये राबून वर आरोग्य अधिभारही भरावा लागायचा, माणशी वर्षाला ४०० पौंड. तो त्यांच्यासाठी रद्द करायची घोषणा झाली २१ मे २०२० ला. गुरुवार होता. रात्री आठला नेहमीसारख्या टाळ्या वाजल्या. तुमच्या आईबाबांनी तिकडे २२ मार्चला थाळ्या वाजवल्या असतील, तसंच काहीसं. बसचालकांचं तर नावच नको. लंडनमध्ये त्यांच्यातलेही कितीतरी गेले.

या माणसांच्या मनात काय साठलं, त्याची मालिका अजून व्हायची आहे.

तरी ही बघाच. घरातल्या कुणी तेव्हा शिफ्ट केल्या असतील तर त्यांच्यासोबत बघा, पण आधी विचारून. काहींना पहिल्या भागाची दहा मिनिटंच पुरे होतात.